विनंतीपूर्वक नकार

आमच्या कॉलेजात समाधान आलं ते पुण्याहून, भाड्याच्या मोठ्या गाडीतून. आलं आणि पोर्चमध्येच थांबलं, कारण लाइट नव्हती. ते घेऊन आलेल्या कोचची सगळी विद्या लॅपटॉपात होती आणि पडद्यावर पडल्याशिवाय ती त्याला आठवत नव्हती. शेवटी शिपायानं पलीकडच्या गावातल्या गिरणीवाल्याचं जनरेटर आणलं. ते सुरू झालं आणि त्याच्या धडधडाटात, शांत मनानं काम कसं करावं, याचे धडे आम्हाला मिळू लागले.

मी इतिहास शिकवते. हिंगोलीत राहते, रोज सकाळी एसटीनं सेनगावच्या रस्त्याला लागते आणि एका फाट्यावर उतरते. फाट्यावर एक चहाची टपरी आहे, एक पंक्चरवाला आहे आणि आमचं कॉलेज आहे. कॉलेजच्या एका अंगाला सोयाबीन, दुसऱ्या अंगाला कापूस, आणि मधे आम्ही उच्च शिक्षण देतो. माझी नोकरी कायम आहे आणि तोंड वडिलांकडून आलेलं आहे. पहिलीमुळे दुसऱ्याला आजवर धक्का लागलेला नाही.

कार्यशाळेचं नाव होतं 'समाधानी आणि सुटसुटीत प्राध्यापकी : तंत्र व मंत्र'. आमच्या समाधानाची कोणाला काळजी पडली होती, असं नाही. कॉलेजचं मूल्यमापन करायला बाहेरून समिती येणार होती आणि शिक्षकांच्या कल्याणासाठी काय केलं, या रकान्यात आमच्याकडे भरायला काहीच नव्हतं. मागच्या खेपेला तिथं 'पिण्याच्या पाण्याची सोय' असं लिहिलं होतं. ती सोयही समिती येऊन गेल्यावर बंद पडली.

कोच पस्तिशीच्या आतबाहेरचा. अंगात खादीचा कुर्ता, पायात पळायचे बूट. सुरुवातीलाच त्यानं सांगून टाकलं की तोही प्राध्यापक होता, पण दोन वर्षांतच त्यानं ती नोकरी सोडली. हे त्यानं असं सांगितलं की आम्ही टाळ्या वाजवाव्यात, आणि आम्ही वाजवल्याही. मी मनात म्हटलं, घ्या. ज्याला दोन वर्षं काढवली नाहीत तो आम्हाला निवृत्तीपर्यंतची वाट दाखवणार.

"सकाळचे दोन तास स्वतःच्या लेखनासाठी राखा, मित्रांनो. दार लावून घ्या," तो म्हणाला. आमच्या स्टाफरूमच्या दाराला कडी नाही. होती, पण गॅदरिंगच्या वेळी कोणीतरी काढून नेली ती परत आली नाही. "फोन बंद ठेवा," तो म्हणाला. आमच्या प्राचार्यांच्या सूचना कोंबडं आरवायच्या आधीपासून ग्रुपवर पडतात. प्रत्येक सूचनेखाली 'पोच द्यावी' असं असतं, आणि पोच दिली नाही तर ती का दिली नाही, याची दुसरी सूचना येते. "दर शनिवारी स्वतःला विचारा, या आठवड्यात मला ऊर्जा कशानं दिली?" मागच्या बाकावरून जीवशास्त्राचे सर म्हणाले, "भज्यानं." कोचनं तेही फळ्यावर लिहून घेतलं.

मग प्रत्येकाला त्यानं विचारलं, तुमची अशी एकच गोष्ट कोणती, जी झाली नाही तर सगळी नोकरी फुकट गेली असं वाटेल? लोकांनी प्रमोशन सांगितलं, हिंगोलीला बदली सांगितली. मी खरं ते सांगितलं. वसमतच्या जुन्या हळद बाजारावर मला एक मोठा लेख लिहायचा होता. निजामाच्या काळातली कागदपत्रं जमवून झाली होती, तिथल्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडून उर्दू वाचून घेतली होती, फक्त बसून लिहायचं राहिलं होतं. कोच म्हणाला, "वा, मॅडम, सुंदर." इतकंच. पुढच्या माणसाकडे वळला.

माझ्या शेजारी बसलेल्याची गोष्ट मात्र साधी होती. तो म्हणाला, "पीएच.डी. सर. दिवाळीपर्यंत जमा करायची हाये. न्हाई केली तं नोंदणी रद्द."

हा माझाच विद्यार्थी. सेनगावच्या पलीकडच्या तांड्यावरचा. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आणि हा त्या बैलांच्या वाटांवरच प्रबंध लिहीत होता : कोणती वाट कुठून जायची, कोणत्या विहिरीवर मुक्काम पडायचा. कागदावरचे मार्गदर्शक विद्यापीठातले होते, विषय मात्र मीच सुचवला होता. पण त्यात जे आलं ते मला सुचलं नसतं, कारण त्या वाटा त्याच्या घरात गाण्यांतून म्हटल्या जायच्या आणि कागदांशी त्या जुळत होत्या. शिकवायचाही छान. आमच्याकडे तो तासिका तत्त्वावर होता. म्हणजे घेतलेल्या तासापुरता माणूस. उन्हाळ्यात सुट्टी लागली की नेमणूक संपते आणि जुलैत वरच्यांच्या मर्जीनं पुन्हा होते. माझ्या विभागात मी आणि तो, एवढंच मनुष्यबळ.

दुपारच्या जेवणानंतर कोचनं त्याचा मुख्य मंत्र काढला. नाही म्हणायला शिका. जे काम तुमच्या अध्यापनाचं नाही, संशोधनाचं नाही, त्याला नाही म्हणा. स्पष्ट म्हणा, नम्रपणे म्हणा आणि शक्यतो लिहून द्या, कारण लिहिलेली मर्यादा टिकते. मग जोड्या लावल्या. एकानं काम सांगायचं, दुसऱ्यानं नाही म्हणायचं.

प्राचार्यांसमोर गणिताचे सर उभे राहिले. प्राचार्य म्हणाले, "रविवारी कॉलेजात या." गणिताचे सर म्हणाले, "येतो ना सर." कोच मधे पडला : नाही म्हणायचंय. "हो सर, नाही म्हणतो," गणिताचे सर म्हणाले आणि पुन्हा प्राचार्यांकडे वळून, "येतो सर, बराबर येतो." असं एकेक करून सगळे झाले. कोणाच्याही तोंडातून तो शब्द फुटेना. पुण्याच्या माणसाला वाटलं, ही गरीब, दबलेली माणसं. त्याला काय ठाऊक! आमच्या जिल्ह्यात नाही हा शब्द हो या शब्दानंच म्हणतात. येतो म्हणायचं आणि जायचं नाही. दुसऱ्या दिवशी कळमनुरीची मावशी सिरियस झालेली असते. ती मावशी माझ्या नोकरीत किती वेळा सिरियस झाली असेल, आणि ठणठणीत आहे. कोणाचा अपमान नाही, कुठं नोंद नाही. इतकी घासूनपुसून लख्ख झालेली विद्या अंगात असलेल्या लोकांना हा गृहस्थ मानधन घेऊन 'नाही' शिकवत होता.

एकट्या माझ्या विद्यार्थ्यानं शिकून घेतलं. प्राचार्यांच्या डोळ्यांत बघून तो म्हणाला, "सर, मला जमणार न्हाई. माझं लेखन चालू हाये." कोचनं टाळ्या वाजवल्या, आम्ही वाजवल्या, प्राचार्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. समारोपाला त्याला 'उत्कृष्ट सहभागी' म्हणून प्रमाणपत्र दिलं. ते संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते. अध्यक्षांना आम्ही सगळे साहेब म्हणतो. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि फोटोसाठी ती थाप पुन्हा एकदा मारली.

आता कमी कामाचा मंत्र मिळाला म्हटल्यावर आमच्याकडे जे व्हायचं तेच झालं : एक समिती वाढली. तिचं नाव 'समाधान कक्ष'. समन्वयक मी, कारण कार्यशाळेत मी सारखी हसत होते असं प्राचार्यांच्या लक्षात आलं होतं. "तुमी मुळातच समाधानी दिसता, मॅडम," ते म्हणाले. दर महिन्याला समाधानाची बैठक घ्यायची, इतिवृत्त लिहायचं, आणि शिक्षक समाधानी असल्याचे फोटो काढून ठेवायचे. फोटोवर जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ उमटलेली हवी, नाहीतर बाहेरची समिती तो पुरावा धरत नाही. म्हणून कॉलेज सुटल्यावर आम्ही आवारातल्या कडुलिंबाखाली उभे राहायचो, मी म्हणायचे, हसा, आणि हिंगोलीकडची शेवटची सोयीची बस समोरून निघून जायची. त्या फोटोंत आम्ही सगळे बसकडे बघतोय.

जूनमध्ये बारावीचा निकाल लागला आणि आमची प्रवेश मोहीम सुरू झाली. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही म्हणून सांगते. आमच्याकडे विद्यार्थी कॉलेजात प्रवेश घ्यायला येत नाहीत, प्राध्यापक त्यांना आणायला जातात. मोटारसायकलवर दोघं-दोघं, हातात रंगीत पत्रकं, गावोगाव. वर्गात पोरं कमी झाली की तुकडी जाते, तुकडी गेली की नोकऱ्या जातात. म्हणून पीएच.डी. झालेली माणसं उन्हातान्हात कोणाच्या तरी ओट्यावर बसून, कपबशीत फुंकर मारत, "पोरीला आमच्याकडंच टाका, बसची सोय करतो," असं म्हणत असतात. दुसऱ्या कॉलेजचे लोक आदल्या दिवशी येऊन गेलेले असतात आणि त्यांनी बससोबत पासही कबूल केलेला असतो. मी या मोहिमेला दरवर्षी हो म्हणते आणि माझी मावशी दरवर्षी जूनमध्ये आजारी पडते.

माझा विद्यार्थी मात्र, जूनमध्ये नेमणूक नसतानाही, मोहिमेचा हुकमाचा पत्ता होता. तांड्यांवर त्याची बोली चालायची, नाईक त्याला ओळखायचे, आयाबाया त्याच्या शब्दावर पोरी पाठवायच्या. आमच्या पहिल्या वर्षाचा निम्मा वर्ग त्याच्या जिभेवर भरायचा. त्याच्याशिवाय मोहीम म्हणजे नुसतं पेट्रोल जाळणं.

एके सकाळी तो विभागात आला. चेहरा उजळलेला. "मॅडम, या बारीला म्या न्हाई म्हणून टाकलं."

"शाबास," मी म्हटलं. "कोणाला मारलंस? मावशीला का आत्याला?"

"न्हाई मॅडम. लिहून देलं. कोचसरनं सांगितलं होतं ना, लिहून द्या म्हून."

आणि त्यानं खिशातून कागद काढून माझ्यापुढं ठेवला. मी वाचला. प्रति, मा. प्राचार्य. विषय : प्रवेश मोहिमेच्या कामास विनंतीपूर्वक नकार देणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक नकार सादर करण्यात येतो की, सदर कालावधीत माझ्या प्रबंधाचे लेखन चालू असल्याने मी सदर मोहिमेस उपलब्ध असणार नाही. तरी माझ्या नकाराचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती. आपला विश्वासू. खाली सही, आणि सोबत जोडलं म्हणून 'उत्कृष्ट सहभागी' प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. कोपऱ्यात आवक विभागाचा जांभळा शिक्का. पोच घेतली होती पठ्ठ्यानं.

मला आधी हसू आलं. मग मी तो शिक्का पुन्हा पाहिला. तोंडी नकार प्राचार्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला असता. त्या माणसाला तेवढी अक्कल आहे. पण आवक झालेल्या कागदाचं काहीतरी करावंच लागतं, त्यावर शेरा मारावा लागतो, तो वर पाठवावा लागतो. त्यानं नकार दिला नव्हता, नकाराची फाईल उघडून दिली होती. अर्ज करून नाही म्हणणारा माणूस उभ्या मराठवाड्यात मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो मीच शिकवलेला होता.

"अरे, हा कागद साहेबांपुढं जाईल," मी म्हटलं.

"जाऊ द्या ना. त्याहीच्याच हातानं तं प्रमाणपत्र देलं मला."

पुस्तकी लेकरू. छापलेलं आणि शिक्का मारलेलं खरं मानायला त्याला आम्हीच शिकवलं होतं.

कागद साहेबांपुढं गेला. साहेबांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. त्यांच्या समोर तो अर्ज होता आणि ते तो मोठ्यानं वाचत होते. 'विनंतीपूर्वक नकार' हे शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले. मग विचारलं, "याला न्हाई म्हणायला कोणं शिकवलं?"

प्राचार्य टेबलावरच्या काचेकडे बघत होते. मी म्हटलं, "साहेब, त्या कार्यशाळेचं उद्घाटन आपणच केलं होतं."

साहेब माझ्याकडे बघून हसले. "मॅडम, उद्घाटन म्या पुलाचं बी केलं. म्हून काय त्याच्यावरून उड्या मारायच्या?"

सगळे हसले. गणिताचे सर तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझा विद्यार्थी एकटा उभा होता, मान खाली, आणि हात मागे बांधलेले, शाळेतल्यासारखे. त्या हशाची मला अजून चीड आहे.

मोहिमेला तो गेला नाही; तांड्यांवरच्या थोड्या पोरी तरीही त्याच्या नावावर आल्या. जुलैत तासिका तत्त्वावरच्या नेमणुका झाल्या. त्याची झाली नाही. कारण कोणी सांगितलं नाही. आमच्याकडे कारण सांगत नाहीत, फक्त फोन करत नाहीत. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, त्याचे तास तुमी समायोजित करा. दोघांचं काम एकानं केलं तं विभाग सुटसुटीत होतो." कोचचा शब्द त्यांना बरोबर जागी आठवला होता.

कोचच्या मंत्राप्रमाणे मी त्यांना तिथंच नकार द्यायला हवा होता. मी म्हटलं, "हो सर. घेते ना." आणि घेतले नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी घेतले नाहीत, आठवडाभर घेतले नाहीत. विचारलं की म्हणायचे, हो सर, आजपासूनच. मग घसा बसला. मग बस चुकली. मग मला माझं हत्यार सापडलं : "आज समाधान कक्षाची बैठक आहे सर." बैठकीला मी एकटीच. लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे, फोटो काढायचे आणि अक्षांश-रेखांशासकट ग्रुपवर टाकायचे. प्राचार्यांना त्याखाली 'अभिनंदन' लिहावं लागायचं. त्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजात समाधानाच्या जेवढ्या बैठका झाल्या तेवढ्या महाराष्ट्रात कुठं झाल्या नसतील.

पहिल्या वर्षाच्या पोरांना मी ग्रंथालयात बसायला सांगितलं. ती तिथं थोडी बसली आणि मग फाट्यावर टपरीपाशी जाऊन बसली. मला तेच हवं होतं. फाट्यावर बसलेली पोरं सगळ्या तालुक्याला दिसतात. तांड्यांवरून आयांचे फोन यायला लागले, की तास होत नसतील तर पोरगी कापूस निंदायला तरी येऊ द्या. मग शेजारच्या कॉलेजचे दोन प्राध्यापक त्या टपरीवर चहा पिताना दिसले, पोरांनाही पाजताना दिसले. साहेबांची गाडी एकदा तिथून गेली, थांबली आणि मागे आली. त्या दिवशी संध्याकाळी प्राचार्यांनी माझ्या विद्यार्थ्याला फोन केला. उद्यापासून ये.

मी खूश होते. इतकी खूश की येताना हिंगोलीहून त्याच्यासाठी पेढे घेतले. कोणालाही एकदाही नाही न म्हणता मी माणूस परत आणला होता.

तो आला. पाया पडला. पेढा हातात घेऊन नुसता बसला. मी म्हटलं, "काय रे, असं काय तोंड करून बसलास?"

"न्हाई मॅडम, चांगलंच झालं." त्यानं पेढा कागदावर परत ठेवला. मग म्हणाला, "घरी बसलो तं लिहून राहिलो होतो. दिवसभर लिवायचो. मायनं शेतात बी येऊ देलं न्हाई. फक्त शेवटचं प्रकरण राहिलं, मॅडम. अजून थोडं बसू देलं असतं तं झालं असतं."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग वाटलं, स्वतःच्या द्यावी. एवढा कोच आणला, जनरेटरला एवढं डिझेल जाळलं, आणि संशोधनाला वेळ मिळायचा एकमेव खात्रीचा उपाय आमच्या साहेबांनी फुकटात करून दाखवला होता : माणसाला काढून टाकणं. तोही मी हाणून पाडला.

आणि आता त्याला वेळ मिळणार नव्हता हे मला दिसत होतं. परत घेतलेल्या माणसाकडून आमच्याकडे व्याजासकट वसुली होते. पहिल्याच आठवड्यात त्याच्या गळ्यात वृक्षारोपण आलं, मतदार जागृती आली, साहेबांच्या घरच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन आलं. प्रत्येकाला तो "व्हय सर" म्हणत होता आणि खरोखर जात होता. हो म्हणून न जाणं त्याला मुळीच जमत नव्हतं.

मी चिडून म्हटलं, "म्हण ना नाही! दिवाळी आली तोंडावर."

तो माझ्याकडे बघत म्हणाला, अगदी शांतपणे, "मॅडम, तुमचं न्हाई परमनंट हाये. आमचं न्हाई बी तासिका तत्त्वावरच."

माझा सगळा नखरा, माझ्या बैठका, माझी ती मावशी, सगळं पगारी होतं. साहेबांच्या तोंडावर टोमणा मारून मी घरी जाऊन निवांत झोपू शकत होते आणि त्याला मी हिंमत मानत होते. लाज वाटली, ती मी इथं लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवसापासून त्याचे तास मी घ्यायला लागले. कागदावर तास त्याचे, हजेरीवर सही त्याची, आणि फळ्यापुढं मी. तो विभागात कपाटाच्या आड टेबल ओढून लिहीत बसायचा. मी आधी माझा वर्ग घ्यायचे, मग त्याचा, मग माझा. सकाळी घरून निघण्याआधी मी वसमतच्या हळदीच्या कागदांपाशी थोडा वेळ बसत असे, तोही गेला, कारण त्याच्या पहिल्या वर्षाला जे शिकवायचं ते मी कित्येक वर्षांत उघडलंसुद्धा नव्हतं आणि रोज तयारी करून जावं लागत होतं. पाय सुजायला लागले. घसा या खेपेला खरंच बसला, आणि आता तो कोणाला खरा वाटेना.

प्राचार्य मधूनच विभागाच्या दारात येऊन विचारायचे, "सर कुठं आहेत?" मी म्हणायचे, "आत्ताच वर्गावर गेले, सर." कपाटाआड पेन थांबायचं. प्राचार्य गेले की पुन्हा चालू व्हायचं. पहिल्या वर्षाच्या पोरांनीही कधी तोंड उघडलं नाही. तांड्यावरच्या पोरी हुशार असतात, त्यांनी मला एकदाच विचारलं, "मॅडम, सर पुस्तक लिहून राहिले का?" मी म्हटलं, गपचूप सनावळी उतरवून घ्या.

प्रबंध दिवाळीच्या आधी नांदेडला विद्यापीठात जमा झाला. त्यासाठी मी काय सोडलं याचा हिशेब मी कोणाला दिला नाही. माझा लेख तसाच पडला, आणि यापुढे तो होईल असं मला वाटत नाही. कागद वाचायला मदत करणारे वसमतचे म्हातारे गुरुजी त्याच हिवाळ्यात गेले.

जमा करून आल्यावर एक प्रत घेऊन तो विभागात आला. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. मी आधी नकाशे पाहिले. बैलांच्या वाटा, विहिरी, मुक्काम. इतकं सुंदर काम माझ्या हातून झालं नसतं. मग, सगळे प्राध्यापक जे आधी बघतात आणि आधी बघत नाही असं दाखवतात, ते पान मी उघडलं : ऋणनिर्देश.

सर्वप्रथम संस्थेचे आदरणीय अध्यक्षसाहेब, ज्यांच्या प्रेरणेशिवाय हे कार्य तडीस गेले नसते. मग प्राचार्य, ज्यांनी वेळोवेळी सवलत दिली. मग मार्गदर्शक, आईवडील, तांड्याचे नाईक. मग पुण्याचा कोच, ज्यानं वेळेचं महत्त्व पटवून दिलं. मग टंकलेखक आणि बांधणीवाला.

मी पान उलटून मागं पाहिलं. मागं अनुक्रमणिका होती. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं, आणि ते लपवायचं मला सुचलं नाही. "माझं नाव कुठाय रे?" मी विचारलं.

त्यानं आधी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली करून म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव लिवलं असतं तं कशासाठी, ते बी लिवावं लागलं असतं."

घंटा झाली. तास त्याचा होता. तो उठला आणि वर्गावर गेला.